घन इंधनाचे ज्वलन आणि अग्निबाणाचे नियंत्रण

देहूरोड येथील आयुधनिर्माणी १९८४ पासून प्रकाश, धूर व संकेत देणारा दारूगोळा निर्माण करीत आली आहे. प्रकाशदायी गोळ्यात मॅग्नेशियम व सोडियम नायट्रेट यांसारखे मिश्रण दाबून भरतात. ते मेणबत्तीप्रमाणे एका टोकाकडून जळत जाते. ते किती वेळ जळावे हे पेटविणाराच्या नव्हे, भरणाराच्या हाती असते. घन इंधनाच्या अग्निबाणाचा स्वभावही असाच होय.

पुण्यातच पाषाण येथे विकसित झालेल्या ‘पिनाक’ अग्निबाणात अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची पूड व रबरासारखे बंधक द्रव्य यांचे मिश्रण असते. अशा अग्निबाणात अल्पावधीत मोठा रेटा हवा असतो. म्हणून इंधनाच्या मध्यभागी पोकळी ठेवून ते आतून बाहेर जाळतात. पोकळी साधी वर्तुळाकार असेल तर दहनपृष्ठ, आणि त्याबरोबर रेटा, वाढत जातो. ती ताऱ्याच्या आकाराची केल्यास रेटा बराचसा स्थिर राहतो. उड्डाणाचा आलेख अशा रीतीने साच्यातच ठरतो.

येथे एक सूक्ष्म समतोल साधलेला असतो. वायूची निर्मिती दहनपृष्ठ व दाबाचा ‘न’ घात यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात होते. नळकांड्यातून त्याचे निर्गमन मात्र सरळ दाबाच्या प्रमाणात होते. ‘न’ एकाहून कमी असेल तरच दाब स्थिरावतो. ‘न’ ०.४ धरल्यास, एखाद्या भेगेमुळे दहनपृष्ठ १० टक्क्यांनी वाढताच दाब सुमारे १७ टक्क्यांनी चढतो. भरलेल्या इंधनाची क्ष-किरणांनी तपासणी करण्याचा खटाटोप यासाठीच; एकदा पेटल्यावर उपाय उरत नाही.

१४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ ला उचलणाऱ्या प्रक्षेपकाला प्रत्येकी सुमारे २०० टन घन इंधनाचे दोन अग्निबाण जोडलेले होते. (त्यांच्या कवचाचे काही भाग पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथे तयार होतात.) त्यांचा रेटा उड्डाणात बदलता येत नाही, दिशा बदलण्यासाठी नळकांडेच किंचित कलवितात.

चंद्रावर उतरताना मात्र हे चालत नाही. सुमारे ३० किलोमीटर उंचीवर ‘विक्रम’चा आडवा वेग सेकंदाला सुमारे १.७ किलोमीटर होता. तेथे हवा नाही, म्हणून हवाई छत्री निरुपयोगी. सारा वेग इंजिनानेच मारावयाचा. शिवाय इंधन जळत जाईल तसे यान हलके होते, आणि रेटा त्या प्रमाणात न घटविल्यास ते पुन्हा वर चढू लागेल. म्हणून तेथे प्रत्येकी ८०० न्यूटनची, रेटा कमीजास्त करता येणारी चार द्रव-इंधन इंजिने बसविली होती. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ च्या पाच इंजिनांनी अपेक्षेहून अधिक रेटा दिला, आणि साचत गेलेली चूक दुरुस्त करण्यास लागणाऱ्या वेगाने वळण्याची मुभा त्याच्या नियंत्रकाला नव्हती. पुढील यानात ही मर्यादा सैल केली, इंधन वाढविले, पाय बळकट केले, आणि उतरण्याचे क्षेत्र अर्धा किलोमीटर बाजूच्या चौरसाऐवजी ४ किलोमीटर लांब व २.४ किलोमीटर रुंद असे निवडले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘विक्रम’ सुखरूप उतरले.