झाशीला एकदा उतरून तर बघा!

मुंबईची पंजाब मेल असो वा पुण्याची झेलम एक्स्प्रेस, दिल्लीच्या वाटेवर झाशी लागतेच. स्टेशनच्या पाटीवर आता वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव आहे. आपण मुलांना ती पाटी दाखवतो, राणीची गोष्ट सांगतो, तोवर गाडी सुटते. उतरतात ते बहुतेक ओरछा-खजुराहोचे प्रवासी. खरे तर १८५४ पर्यंत ही नेवाळकरांच्या मराठी संस्थानाची राजधानी होती. तिच्यासाठी एक दिवस पुरतो.

सकाळी ऊन चढण्याआधी किल्ला पाहावा. ओरछ्याच्या वीरसिंह देवाने १६१३ मध्ये तो टेकडीवर बांधला. पुढे छत्रसालाने बाजीराव पेशव्यांना मुलुखाचा वाटा दिला आणि बुंदेलखंडात मराठे आले. सुभेदार नारो शंकरांनी किल्ला वाढवला. आत 'कडक बिजली' तोफ आहे आणि राणीचा तोफची गुलाम गौस खान याची कबरही. तटावरून सारे शहर दिसते.

खाली वस्तीत राणी महाल आहे. संस्थान खालसा झाल्यावर लक्ष्मीबाई इथे राहत. दरबाराच्या दालनात रंगीत वेलबुट्टी आहे, अंगणात जुन्या मूर्तींचा संग्रह. याच शहरात १८५८ च्या वेढ्यात वरसईचे विष्णुभट गोडसे अडकले होते. दक्षिणेच्या आशेने निघालेल्या या भिक्षुकाने नंतर 'माझा प्रवास' लिहिले. ते वाचून गेलात, तर इथल्या गल्ल्या अनोळखी वाटणार नाहीत.

शहरातल्या जुन्या गणेश मंदिरात १८४२ साली गंगाधरराव आणि मनकर्णिकेचे लग्न लागले, असे सांगतात. संध्याकाळ मात्र लक्ष्मी तलावासाठी राखून ठेवा. जवळच महालक्ष्मीचे मंदिर आहे आणि १८५३ मध्ये वारलेल्या गंगाधररावांची छत्री. ती राणीनेच बांधवली. तिची स्वतःची समाधी मात्र दूर ग्वाल्हेरला. झाशी सोडावी लागली, ती कायमचीच. छत्रीपाशी उभे राहिले की शाळेत पाठ केलेला इतिहास एकदम घरातला होतो.

मे-जूनमध्ये इथे ऊन भाजून काढते, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस निवडा. ओरछाही रिक्षाच्या अंतरावर आहे. ते जरूर पाहा, पण झाशीनंतर!