शहरातील हरित जागांचे नियोजन : कैरोच्या अल-अझहर उद्यानाचा धडा

प्रस्तावना

विकसनशील देशांतील कोणत्याही मोठ्या शहराचा विकास आराखडा उघडला, तर त्यात हिरव्या रंगाचे तुकडे हमखास आढळतात. प्रत्यक्ष जागेवर गेल्यास त्यांपैकी कोठे वाहनतळ, कोठे अतिक्रमण, तर कोठे कचऱ्याचा ढीग दिसतो. याचे कारण नियोजनाच्या क्रमात आहे. आधी रस्ते, घरे व बाजार यांची सोय लावली जाते आणि उरलेली जागा 'उद्यानासाठी राखीव' ठरते. तेथील माती कशी आहे, पाणी कोठून येणार, शेजारची वस्ती कोणाची आहे आणि देखभालीचा खर्च कोण करणार, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. हे प्रश्न आधी सोडविले तर उजाड जागाही सार्वजनिक बाग होऊ शकते. इजिप्तची राजधानी कैरो येथील अल-अझहर उद्यान हे त्याचे अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे.

एका पावलाएवढी हिरवळ

कैरो हे वाळवंटाच्या कडेला, नाईल नदीच्या आधाराने वाढलेले शहर. तेथे पाऊस नगण्य पडतो. त्यामुळे प्रत्येक झाड पाणी देऊनच जगवावे लागते. जुन्या बागांचीही शहराच्या वाढीपुढे हानी झाली. खेदिव इस्माईल यांच्या कारकीर्दीत, १८७०च्या सुमारास, अझबकिया येथे युरोपीय धर्तीची मोठी बाग तयार करण्यात आली. पुढे तिच्यातून रस्ते गेले, कडेने बांधकामे झाली आणि मूळ बागेचा थोडाच भाग उरला. विसाव्या शतकाच्या अखेरीस कैरोतील दरडोई हरित जागा माणसाच्या एका पावलाच्या ठशाएवढीच भरते, असा हिशेब अल-अझहर उद्यानाच्या नियोजनकारांनी मांडला होता.

या टंचाईची झळ सर्वांना सारखी बसत नाही. संपन्न कुटुंबांना क्लबची हिरवळ उपलब्ध असते. दाट वस्तीतील एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबातील मुलांना खेळायला, वृद्धांना बसायला आणि स्त्रियांना निर्धास्तपणे फिरायला सार्वजनिक बागेवाचून दुसरी जागा नसते. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये, २०३० पर्यंत सर्वांना सुरक्षित व सहज पोहोचता येतील अशा हरित जागा मिळाव्यात असे म्हटले असून, स्त्रिया, मुले, वृद्ध व अपंग यांचा त्यात खास उल्लेख आहे. तो याच कारणामुळे.

माती आणि पाणी

आगा खान चौथे (निधन २०२५) यांनी १९८४ मध्ये कैरोच्या नागरिकांसाठी उद्यान उभारण्याचे जाहीर केले. त्यासाठी मिळालेली दर्रासा येथील सुमारे ३० हेक्टर, म्हणजे जवळपास ७५ एकर जागा ऐतिहासिक शहराच्या पूर्व कडेला होती. तेथे सुमारे ५०० वर्षे शहराचा राडारोडा टाकला जात होता आणि त्याच्या टेकड्या बनल्या होत्या.

अशा जागी थेट रोपे लावणे व्यर्थ ठरले असते. माती अतिशय क्षारयुक्त होती. सुमारे १५ लाख घनमीटर माती व राडारोडा हलवावा लागला. बाहेरून वाळूमिश्रित माती आणून लागवडीयोग्य थर तयार करण्यात आला. तेथील हवामानात कोणती झाडे तगतील, हे पाहून रोपवाटिकेत रोपे वाढविण्यात आली. पश्चिमेकडील उतारावर कमी पाण्यात जगणाऱ्या वनस्पती लावल्या गेल्या, तर हिरवळ, सावलीची झाडे व फळबागा यांना वेगळी जागा देण्यात आली.

याच जमिनीत शहराला पाणीपुरवठ्यासाठी तीन मोठ्या टाक्या हव्या होत्या. प्रत्येकीचा व्यास ८० मीटर व खोली १४ मीटर. त्यामुळे उद्यानाचे काम बराच काळ रखडले. पण शेवटी टाक्या जमिनीखाली व बाग त्यांच्यावर, अशी रचना करण्यात आली. जमीन अपुरी असलेल्या शहराला एकाच जागेतून दोन गरजा भागविता येतात, हे यातून दिसून येते. उद्यान २००५ मध्ये रीतसर खुले झाले. घोषणेपासून तोवर २० वर्षे लोटली होती. पाच वर्षांच्या निवडणूकचक्रात बसविलेल्या योजनांशी हा काळ ताडून पाहण्यासारखा आहे.

शेजारची वस्ती

खोदकामात सलाहुद्दीन अय्युबी यांच्या काळातील, बाराव्या शतकातील तटबंदी उघडी पडली. सुमारे दीड किलोमीटर लांबीची ही भिंत राडारोड्याखाली गाडली गेली होती. तिच्या पलीकडे दर्ब अल-अहमर हा मोहल्ला आहे. अरुंद गल्ल्या, पडझड झालेली घरे, जुन्या मशिदी, कारागिरांची दुकाने आणि कमी उत्पन्नाची कुटुंबे असे त्याचे स्वरूप होते.

येथे खरी कसोटी होती. बाग झाली की आसपासच्या जागेचे मोल चढते, भाडे वाढते आणि ज्यांना तिची सर्वाधिक गरज असते तेच कुटुंबकबिल्यासह दूर फेकले जातात. भिंतीलगतची घरे पाडून परिसर 'सुंदर' करणे सोपे होते. आगा खान सांस्कृतिक न्यासाने त्याऐवजी घरांची दुरुस्ती, छोटी कर्जे, आरोग्यसेवा आणि सुतारकाम, दगडकाम यांचे प्रशिक्षण अशी कामे उद्यानाबरोबरच हाती घेतली. मोहल्ल्यातील अनेक तरुणांना बागेत व तटबंदीच्या जीर्णोद्धारात काम मिळाले. उम्म अल-सुलतान शाबान यांच्या चौदाव्या शतकातील मशिदीसह काही ऐतिहासिक वास्तूही दुरुस्त झाल्या.

देखभालीचा पैसा

उद्घाटनाचा खर्च एकदाच होतो, माळ्याचा पगार दरमहा द्यावा लागतो. बहुतेक नगरपालिकांच्या बागा येथेच मार खातात. अल-अझहर उद्यानात प्रवेशशुल्क व उपाहारगृहांचे उत्पन्न यांतून देखभाल चालावी, अशी योजना होती. संस्थेच्या माहितीनुसार वर्षाला सुमारे २० लाख लोक तेथे येऊ लागले, त्यामुळे ती योजना व्यवहार्य ठरली.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. शुल्क कितीही माफक असले, तरी सहा जणांच्या कुटुंबाला ते सहा वेळा भरावे लागते. शुल्क नसेल तर बाग सुकते आणि शुल्क वाढले तर गरीब बाहेर राहतो. म्हणून अशा उद्यानाबरोबर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विनाशुल्क छोट्या बागाही लागतातच. एका मोठ्या उद्यानाने शहराचा प्रश्न सुटत नाही. याच कैरोत २०१९-२० मध्ये हेलिओपोलिस या जुन्या उपनगरात रस्ते रुंद करताना व उड्डाणपूल उभारताना मोठ्या प्रमाणात झाडे तोडली गेली. नवी बाग करण्याइतकेच जुनी सावली राखणे हेही नियोजनाचेच काम आहे.

निष्कर्ष

भारतात केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा इष्ट मानली आहे. परंतु सरासरीच्या आकड्यात मोहल्ला दिसत नाही. एका टोकाला मोठे उद्यान आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही, तरीही सरासरी चांगली येऊ शकते.

महाविद्यालयात भूगोल, समाजशास्त्र वा पर्यावरण शिकविणाऱ्या अध्यापकांना येथे एक उपयुक्त प्रकल्प सापडतो. विद्यार्थ्यांनी आपल्या प्रभागाचा विकास आराखडा मिळवून त्यातील प्रत्येक हिरवा तुकडा पायी जाऊन पाहावा आणि चार बाबी नोंदवाव्यात : तेथे आज काय आहे, पाणी कोठून येते, जवळच्या वस्तीतून चालत किती मिनिटे लागतात आणि संध्याकाळी तेथे स्त्रिया व मुले दिसतात का. राखीव जागा बाग होण्यापूर्वीच हातची जात असेल, तर अशी तारीखवार नोंद आक्षेप व हरकती मागविल्या जातात त्या वेळी नागरिकांच्या उपयोगी पडू शकते.