वृक्षांची तटबंदी

संकट आले की प्राणी पळतो, लपतो अथवा झुंज देतो. वृक्षाला पहिले दोन मार्ग खुले नाहीत. बीज जेथे रुजले तेथेच बुरशी, जिवाणू आणि कीटक यांना तोंड देत त्याला आयुष्यभर उभे राहावे लागते. आपल्या शरीरातील पांढऱ्या पेशींसारखे फिरते सैन्यही त्याच्याजवळ नाही. तरीही अनेक वृक्ष शतकानुशतके जगतात.

हे कसे घडते, हे समजून घेण्यास जबलपूरसारखे ठिकाण नाही. मध्य प्रदेशात पश्चिमेकडे सागाची वने, तर पूर्वेकडे मंडला, दिंडोरी ते अमरकंटकपर्यंत शालवृक्षांची. स्थानिक लोक शालवृक्षाला ‘सरई’ म्हणतात. या वनांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था १९८८ पासून जबलपूर येथे कार्यरत आहे.

साल, राळ आणि कात

वृक्षाचा पहिला तट म्हणजे खोडावरील साल. ती भेदली गेली, तर दुसरी फळी सज्ज असते. शालवृक्षाच्या जखमेतून चिकट राळ पाझरते. आपण धुपासाठी वापरतो ती हीच राळ. आत शिरणारी अळी तिच्यात गुदमरून मरते. खोडाच्या गाभ्यात तर रसायनांचे कोठारच असते. खैराच्या गाभ्यातील कात आपल्या विड्यात येतो, पण झाडाच्या दृष्टीने त्यातील तुरट द्रव्ये कुजण्यापासून संरक्षण देतात. सागाला वाळवी सहसा लागत नाही, तीही अशाच द्रव्यांमुळे.

जखम भरत नाही, बंदिस्त होते

आपली जखम भरून येते. वृक्षाची तशी येत नाही. अमेरिकी वनशास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे चिरून १९७० च्या दशकात हे सप्रमाण मांडले. रोगग्रस्त भागाभोवती झाड चार भिंती उभारते. पहिली भिंत रसवाहिन्या बुजवून रोगाला वर-खाली पसरण्यापासून अडवते, दुसरी गाभ्याकडे जाण्यापासून व तिसरी बाजूंना पसरण्यापासून. चौथी सर्वांत भक्कम. ती जखमेनंतर तयार होणाऱ्या नव्या लाकडाला जुन्यापासून वेगळे करते. रोग आतच कोंडला जातो आणि झाड बाहेरून वाढत राहते. पोकळ खोडाचे झाड हिरवेगार दिसते, त्याचे रहस्य हेच.

गंगाजळी आटते तेव्हा

या संरक्षणाला खर्च येतो. राळ असो वा भिंती, त्यासाठी लागणारी शक्ती झाड खोडात व मुळांत पिष्टाच्या रूपाने साठवलेल्या गंगाजळीतून उचलते. अवर्षणाने किंवा वार्धक्याने ती आटली, की प्रतिकार मंदावतो.

मध्य भारतातील शालवनांनी याचे कटू फळ भोगले आहे. पावसाळ्याच्या आरंभी बाहेर पडणारा ‘साल बोरर’ हा भुंगा सालीच्या भेगांत अंडी घालतो आणि अळ्या खोड पोखरतात. एरवी तो दुर्बल झाडांवरच तगतो. परंतु त्याची संख्या अतोनात वाढली, की निरोगी झाडाचीही राळ अपुरी पडते. १९२३ ते १९२८ या काळात आणि पुन्हा १९९७-९८ च्या सुमारास या भागातील लक्षावधी शालवृक्ष त्याला बळी पडले. त्यावरचा उपाय झाडाच्या रसातच सापडला. तोडलेले ओंडके ठेचून रानात ठेवले, की रसाच्या गंधाने भुंगे जमतात, रस पिऊन सुस्तावतात आणि वेचून नष्ट करता येतात.

आपल्या अंगणात

वनातील हे धडे दारातल्या आंब्यालाही लागू आहेत. खोडाला खिळे ठोकणे म्हणजे तटाला भगदाड पाडणे. फांदी छाटताना तिच्या बुडाशी असलेला फुगीर कंगोरा राखून छाटावे. झाड तेथूनच जखम झाकू लागते. बुंध्यालगत सिमेंट ओतून मुळांचे पाणी आणि हवा तोडू नये. पोकळी कोरून साफ करण्याचा मोह टाळावा, कारण त्यात झाडाने परिश्रमपूर्वक उभारलेली भिंतच फुटते.

वृक्ष आपले रक्षण करण्यास समर्थ आहे. त्याची शिल्लक आपण उधळू नये, एवढीच त्याची अपेक्षा.