मेंढरांमागची ओवी आणि गजा

अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानावरचा गुराखी, म्हणजे गाऊचो, गिटारवर उत्स्फूर्त कवनं रचतो, पाय आपटत मालाम्बो नाचतो. आपल्याकडे असं गाणं-नाचणं मेंढरांमागे चालणाऱ्या धनगरांनी जपलंय. दिवाळीनंतर त्यांचे वाडे, म्हणजे फिरते तळ, पुणे जिल्ह्यातून कोकणाकडे सरकतात. वाटेत शेतात कळप बसवायचा, खताच्या मोबदल्यात धान्य घ्यायचं आणि पावसाआधी परतायचं.

धनगरी ओवी म्हणजे बिरोबा, म्हस्कोबा, धुळोबा या दैवतांची लांबलचक कथा. त्यातला गायचा भाग ‘सुमन’, गद्यात सांगायचा भाग ‘कथा’. दोन्ही आलटून-पालटून चालतात. लिहून ठेवायची पद्धत नव्हती, सारं कंठात. इतकी स्मरणशक्ती विद्यापीठांतही दुर्मीळच!

गजा नृत्यात मोठे ढोल, झांजा, डोक्याला फेटा आणि हातात रंगीत रुमाल. नाचणारे ढोलाभोवती फेर धरतात.

पुण्याशी घट्ट नातं जोडलेले जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर (मृत्यू १९९२) यांनी या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. धनगरांच्या दैवतांवरचा त्यांचा ग्रंथ जर्मनमध्ये १९७६ साली, इंग्रजीत १९८९ साली आला. त्यांनी जमवलेल्या ओव्यांपैकी बिरोबा आणि धुळोबाच्या दोन कथा अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाउस यांनी इंग्रजीत आणल्या. ते पुस्तक २०१४ चं. मराठी वाचकाने ही परंपरा आधी कानांनी ऐकावी, मग पुस्तकं उघडावीत.

ही परंपरा अनुभवायला पुण्याजवळ कुठे जायचं? पुरंदर तालुक्यातल्या वीर गावी म्हस्कोबाची यात्रा माघात भरते. आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, ते बारामतीजवळच्या काटेवाडीत.