पुस्तक लक्षात राहतं, वाचल्याचं नाही

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात २०१८ मध्ये एका वाचक बाईंनी चौकशी केली : मी नेते त्या पुस्तकांत सातव्या पानाच्या आकड्याखाली पेनानं रेघ का ओढलेली असते? कर्मचाऱ्यांनी कपाटातली पुस्तकं उघडून पाहिली, तर खरोखरच अनेक पुस्तकांत ती रेघ होती. उलगडा झाला तो असा, की तिथल्या वयस्कर वाचकांनी आपापल्या खुणा ठरवून ठेवल्या होत्या. पुस्तक संपलं की खूण करायची. पुन्हा तेच हाती आलं तर खूण बघून जागेवर ठेवून द्यायचं. आपल्याकडच्या वाचनालयांतही कादंबऱ्यांच्या पानांवर पेन्सिलीची फुली, चांदणी, आद्याक्षरं दिसतात. ग्रंथपाल त्यावर चिडतात आणि ते रास्तच आहे. पण फुली मारणाऱ्याला स्वतःच्या मेंदूचा अंदाज बरोबर आलेला असतो, हेही मान्य करायला हवं.

ही केवळ म्हातारपणाची खोड म्हणावी, तर मिशेल द मोंतेन आडवा येतो. या फ्रेंच निबंधकाराचे निबंध १५८० मध्ये छापले गेले तेव्हा त्यानं पन्नाशी गाठलेली नव्हती. पुस्तकांवरच्या निबंधात तो सांगतो, की काही वर्षांपूर्वी बारकाईनं वाचलेली, आपल्याच टिपणांनी भरलेली पुस्तकं आपण कोरी करकरीत समजून पुन्हा वाचायला घेतली आणि हे एकदा नव्हे, अनेकदा घडलं. मग त्यानं शिरस्ता पाडला. पुस्तक संपलं की शेवटच्या पानावर तारीख घालायची आणि लेखकाबद्दल आपलं मत थोडक्यात लिहून ठेवायचं. अशा तीन नोंदी त्यानं त्या निबंधात उतरवूनही दिल्या आहेत.

पुस्तक डोक्यातून जातं, म्हणजे त्यातलं नेमकं काय जातं?

सगळंच गेलं तर काय होतं, याचं उत्तर हेन्री मोलेसन या अमेरिकन गृहस्थाच्या रूपानं विज्ञानाला मिळालं. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूचा भाग काढण्यात आला आणि त्याबरोबर हिप्पोकॅम्पस या अवयवाचा बराचसा हिस्साही गेला. झटके कमी झाले, पण नवीन आठवण साठवण्याची ताकद संपली. शल्यविशारद विल्यम स्कोविल आणि मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी १९५७ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधात एक निरीक्षण आहे : हा माणूस तीच ती मासिकं पुन्हा पुन्हा वाचतो आणि त्यातला मजकूर त्याला कधीच ओळखीचा वाटत नाही. बुद्धी शाबूत, भाषा शाबूत, वाचनाची हौसही शाबूत. २००८ मध्ये त्याचं निधन होईपर्यंत शास्त्रज्ञ त्याला केवळ ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखत होते.

तुमचं-माझं असं होत नाही. आपल्याला साठ पानं वाचून झाल्यावर का होईना, हे आधी वाचलंय असा संशय येतो. त्या संशयातच खरी गोम आहे. ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, असं स्मरणशास्त्रातले अनेक संशोधक मानतात. जॉर्ज मँडलर यांनी १९८० मध्ये त्यासाठी दिलेला दाखला प्रसिद्ध आहे. बसमध्ये एक चेहरा दिसतो. ओळखीचा आहे याची खात्री असते, पण कोण ते आठवत नाही. बऱ्याच वेळानं डोक्यात प्रकाश पडतो, की हा तर आपला नेहमीचा खाटीक! दुकान नाही, सुरा नाही, त्यामुळे चेहरा सुटा पडला होता. ओळख चटकन होते. प्रसंग, जागा, वेळ यांची जुळणी मात्र मागाहून होते किंवा होतच नाही.

एंडेल टुल्व्हिंग यांनी १९७२ मध्ये स्मृतीचे दोन विभाग मांडले होते. एक प्रसंगांचा, म्हणजे काय, कुठं, कधी घडलं याचा. दुसरा अर्थाचा, म्हणजे जगाविषयीच्या ज्ञानाचा. अमुक पुस्तक मी वाचलं, ही प्रसंगाची नोंद. त्यातून जे कळलं ते दुसऱ्या विभागात जातं. माझ्या मते वाचकांचा सगळा गोंधळ इथंच होतो. पहिली नोंद पुसली गेली की ते समजतात, दुसरीही गेली. तसं होत नाही, याचा सर्वांत बोलका पुरावा एका अकरा वर्षांच्या मुलीनं दिला आणि त्याची जबर किंमत मोजली.

ती मुलगी म्हणजे हेलन केलर. १८९१ च्या शरद ऋतूत तिनं ‘द फ्रॉस्ट किंग’ ही परीकथा लिहिली आणि बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेचे संचालक मायकेल अनाग्नोस यांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. अनाग्नोस हरखले. दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेल्या मुलीनं हिमाची, रंगीत पानांची अशी वर्णनं करावीत! गोष्ट छापली गेली आणि थोड्याच दिवसांत कुणीतरी दाखवून दिलं, की मार्गारेट कॅन्बी या लेखिकेची ‘द फ्रॉस्ट फेअरीज’ ही कथा हिच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळते. प्रसंग तेच, क्रम तोच, काही ठिकाणी शब्दही तेच. हेलनला ते पुस्तक वाचल्याचं मुळीच आठवत नव्हतं. चौकशीत निघालं ते असं : १८८८ च्या उन्हाळ्यात, ती आठ वर्षांची असताना, मॅसॅच्युसेट्समधल्या एका स्नेही बाईंच्या घरी हे पुस्तक तिच्या तळहातावर बोटांनी अक्षरं काढून तिला वाचून दाखवलं गेलं होतं. त्या वयात तिचा शब्दसंग्रह तोकडा होता. किती कळलं असेल कोण जाणे.

संस्थेनं समिती नेमली. त्या मुलीला तिच्या शिक्षिकेशिवाय एकटीला बसवून प्रश्न विचारले गेले. मतं समसमान पडली आणि अनाग्नोस यांच्या मतामुळे ती सुटली. पण त्यानंतर कितीतरी काळ लिहिताना तिला धास्ती वाटे, की हे वाक्य माझं की कुठं वाचलेलं? १९०३ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात तिनं या प्रकरणाला एक अख्खा भाग दिला आहे.

मोलेसनच्या बाबतीत मजकूरही राहत नव्हता आणि नोंदही. हेलनच्या बाबतीत मजकूर जसाच्या तसा राहिला आणि नोंद तेवढी गळून पडली. तुम्ही-आम्ही या दोघांच्या मधे कुठंतरी असतो. एखादं मत आपण हिरीरीनं मांडतो आणि ते कुठून आलं हे सांगता येत नाही, तेव्हा तिथं एक विसरलेलं पुस्तक बोलत असण्याची बरीच शक्यता असते.

अर्थात मजकूर राहतो म्हणजे शब्द राहतात असं नाही. हेलन अपवाद होती. जॅकलिन सॅक्स यांच्या १९६७ च्या प्रयोगात लोकांना छोटे उतारे ऐकवले गेले. त्यातला एक दुर्बिणीचा शोध आणि गॅलिलिओविषयी होता. मधेच थांबवून विचारलं, की मघाशी ऐकलेलं वाक्य हेच का? पुढचे ऐंशी स्वरावयव, म्हणजे अर्ध्या मिनिटापेक्षाही कमी मजकूर, कानावरून गेल्यावर वाक्याची बदललेली रचना लोकांना ओळखता येईना. अर्थ बदलला असेल तर मात्र ते लगेच पकडत. मेंदू सार ठेवून घेतो आणि शब्द टाकून देतो.

रहस्यकथा सर्वांत जास्त का विसरल्या जातात, हे यावरून समजतं. सार ठेवायचं म्हटलं, तर दहा रहस्यकथांचं सार एकच : खून होतो, संशय सगळ्यांवर, गुन्हेगार अनपेक्षित. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड लख्ख आठवणारा वाचक कुठल्या गोष्टीत काय घडलं हे सांगू शकत नाही, कारण ‘झुंजार’ या एकाच धाग्याला असंख्य गोष्टी लटकलेल्या असतात. एका खुणेला जितकी जास्त माहिती बांधलेली, तितकी त्यातली नेमकी एक बाहेर काढणं अवघड. बेंटन अंडरवूड यांनी १९५७ मध्येच दाखवून दिलं होतं, की आधी पाठ केलेल्या याद्या नव्या यादीच्या आठवणीत ढवळाढवळ करतात. दर आठवड्याला पुस्तक बदलणारे सभासद जास्त विसरतात ते यामुळेच. वर्षाकाठी दोन पुस्तकं वाचणाऱ्याला ही अडचण येतच नाही.

विकत घेतलेलं पुस्तक पुन्हा विकत घेण्याचा प्रकार मात्र निराळा आहे. इथं न वाचलेली पुस्तकंच अधिक दगा देतात. त्यांचं मेंदूत असतं काय, तर मुखपृष्ठाची झलक, कुठंतरी वाचलेलं परीक्षण, कुणीतरी केलेली शिफारस. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं, की गोष्ट नुसती वारंवार नजरेस पडली तरी ती आवडू लागते. पुढे १९८० मध्ये त्यांनी आणि विल्यम कुन्स्ट-विल्सन यांनी लोकांना काही आकृत्या क्षणाच्याही अंशभर दाखवल्या. नंतर त्या ओळखायला सांगितल्या तर उत्तरं निव्वळ अंदाजपंचे आली. पण ‘जास्त आवडली कोणती’ असं विचारल्यावर पसंती आधी दाखवलेल्या आकृत्यांकडेच झुकली. अप्पा बळवंत चौकात किंवा संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात एखादं पुस्तक उगीचच खुणावतं, तेव्हा ते घरच्या कपाटातून खुणावत असू शकतं. हा माझा तर्क आहे, पण वरच्या प्रयोगांशी जुळणारा आहे.

प्रकाशकही यात भर घालतात. नव्या आवृत्तीचं मुखपृष्ठ बदललं की ओळखीची मुख्य खूणच जाते. अगाथा ख्रिस्तीच्या वाचकांना तर नावांनीही चकवलं. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ १९३४ मध्ये अमेरिकेत ‘मर्डर इन द कॅले कोच’ या नावानं निघाली आणि ‘लॉर्ड एजवेअर डाइज’ तिथं ‘थर्टीन अ‍ॅट डिनर’ झाली. रद्दीच्या दुकानात ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही प्रती मिळाल्या, तर स्मरणशक्ती कितीही तल्लख असो, पैसे गेलेच. आपल्याकडे ‘निवडक’ आणि ‘सर्वोत्कृष्ट’ अशा पाट्यांखाली त्याच त्या कथा फिरून येतात, तो याचाच भाऊबंद.

दुसऱ्यांदा वाचण्यात वेळ वाया जातो का? हर्मन एबिंगहॉस यांनी १८८५ मध्ये याचं मोजमाप मांडलं. निरर्थक अक्षरसमूह ते स्वतःच पाठ करत आणि काही काळानं पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते नोंदवत. पहिल्या तासाभरात निम्म्याहून अधिक फायदा नाहीसा होई. तरी महिन्यानंतर सुमारे एकपंचमांश शिल्लक असे. आपल्याला काहीच आठवत नाही असं वाटत असतानाही मेहनत वाचत होती, ही त्यातली खरी बातमी. २०१५ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅममध्ये हा प्रयोग पुन्हा केला गेला आणि आलेख जवळपास तसाच निघाला.

घाबरणाऱ्यांसाठी दोन शब्द. मागच्या वर्षी वाचलेली कादंबरी न आठवणं हा आजार नाही. तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा विचारला जाणं, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, नेहमीचे हिशेब न जमणं, असं काही होऊ लागलं तर डॉक्टरांना दाखवावं.

उपाय बाहेरच शोधावा लागतो. कपाटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला तर दुहेरी खरेदी बरीचशी टळते. वाचलेलं टिकवायचं असेल, तर पुस्तक मिटून दोन-चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं.

आणि एक विनंती वाचनालयांना. सभासदानं कोणती पुस्तकं नेली, हे तुमच्या संगणकात किंवा रजिस्टरात आधीपासून असतंच. वर्षाअखेरीस ती यादी ज्याची त्याला, आणि फक्त त्यालाच, मागितल्यावर द्या. पुस्तकांवरच्या रेघोट्या आपोआप कमी होतील.