मांजर विषाने गेले की तापाने?

२०१९ सालच्या पावसाळ्याच्या अखेरची गोष्ट. आमच्या तालुक्यातील एका वस्तीवर उंदीर फार माजले होते. भुईमूग आणि ऊस दोन्हींचा फडशा चालला होता. म्हणून झिंक फॉस्फाइडचे आमिष कसे तयार करावे व बिळात कसे टाकावे, याचे प्रात्यक्षिक मी तेथे घेतले. दहा-बारा दिवसांनी त्याच वस्तीवरून निरोप आला, "साहेब, तुमच्या औषधानं आमची मांजरं मेली."

मी गेलो. चार दिवसांत दोन पिल्ले दगावली होती. पण त्या घराचा राग माझ्यापेक्षा शेजारच्या भावकीवर जास्त होता. बांधावरून जुनी तेढ होतीच. "उरलेलं औषध त्यांनीच भाकरीत कालवून टाकलं," असे सासूबाई ठामपणे सांगत होत्या. पोलीस पाटलाकडे जाण्याची भाषा सुरू झाली होती. तिसरे पिल्लू, असेल चारेक महिन्यांचे, पडवीच्या कोपऱ्यात पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसले होते. तोंड पाण्याशी, पण घोट घेत नव्हते. मधूनच पिवळा फेस ओकत होते.

मी शेतीचा माणूस, जनावरांचा डॉक्टर नव्हे. तेव्हा अंदाज बांधत न बसता तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी ताप पाहिला, तो १०५ अंश फॅरनहाइट निघाला. मग आमिष कोणत्या दिवशी टाकले आणि कोणते पिल्लू केव्हा आजारी पडले, हे विचारून घेतले आणि म्हणाले, "झिंक फॉस्फाइडचा परिणाम काही तासांत दिसतो, दहा दिवस थांबत नाही. ही साथ आहे."

हा रोग कोणता?

या रोगाचे नाव फेलाइन पॅनल्यूकोपेनिया. मांजरांचा पार्व्हो असेही त्याला म्हणतात. हा विषाणू आतड्याच्या अस्तरावर आणि रक्तातील पांढऱ्या पेशी जेथे तयार होतात त्या अस्थिमज्जेवर घाला घालतो. आतडे सोलवटते आणि रोगाशी झुंजणाऱ्या पेशीच संपतात. मग आतड्यातले साधे जंतूही रक्तात शिरून जिवावर उठतात. खूप ताप, खाणे बंद, ओकाऱ्या, कधी दुर्गंधीयुक्त जुलाब आणि शरीरातले पाणी झपाट्याने आटणे, ही याची लक्षणे. कधी कधी संध्याकाळी खेळणारे पिल्लू सकाळी मेलेले सापडते. म्हणूनच लोकांना विषाचा संशय येतो.

सासूबाईंनी विचारले, "मग थोरल्या मांजरीला काही कसं झालं नाही?" याचे उत्तर गायी-म्हशी पाळणाऱ्यांना लगेच कळेल. वासराला चिकातून जशी ताकद मिळते, तशी पिल्लांनाही आईच्या पहिल्या दुधातून मिळते. ती काही आठवडेच टिकते. ती ओसरली की पिल्ले उघडी पडतात. थोरल्या मांजरीला हा रोग पूर्वी होऊन गेलेला असतो. जे मांजर यातून वाचते त्याला तो सहसा पुन्हा होत नाही.

हा रोग माणसांना, गायी-म्हशींना, शेळ्यांना किंवा कोंबड्यांना होत नाही. तेव्हा घाबरून आजारी पिल्लू रानात सोडू नका. त्याने ते तर मरेलच, पण साथही पसरेल.

शुश्रूषा कशी करावी?

विषाणूला मारणारे खात्रीचे औषध नाही. डॉक्टर सलाइन देतात, ओकारी थांबवण्याचे इंजेक्शन देतात आणि दुसऱ्या जंतूंचा शिरकाव होऊ नये म्हणून प्रतिजैविक देतात. बाकीचे काम घरच्यांचे. उपचाराविना बहुतेक पिल्ले मरतात. मात्र पहिले पाच दिवस निभावले तर वाचण्याची आशा पुष्कळ वाढते.

त्या घरी हे काम सूनबाईंनी अंगावर घेतले. पिल्लाला खोक्यात जुन्या सुती कापडावर ठेवले. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली. बाटली अंगाला थेट लावू नये, चटका बसतो. ताप उतरून कान-पाय गार पडू लागले तर ते बरे झाल्याचे लक्षण समजू नका. ती धोक्याची खूण आहे, डॉक्टरांना ताबडतोब कळवा.

ओकारी थांबल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने जीवनजल म्हणजे ओआरएस द्यावे. बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या बाजूने थेंब थेंब सोडावे. मान मागे वाकवून तोंडात ओतू नये, पाणी फुप्फुसात जाते. एका वेळी चहाचा एक चमचा पुरे, पण थोड्या थोड्या वेळाने देत राहावे. रात्रीही उठावे लागते. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती लगेच खाली बसली नाही, तर अंगातले पाणी कमी पडले आहे असे समजावे.

भूक परतली की शिजवलेल्या कोंबडीचे मऊ तुकडे किंवा पातळ पाणी द्यावे. त्यात कांदा, लसूण, मीठ, मसाला काही नको. कांदा-लसूण मांजराला विषासमान आहे. दूधही देऊ नका, जुलाब वाढतात.

या चुका टाळा

तापावर घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका. माणसाला उतार देणारी ही एक गोळी मांजराचा जीव घेते. ॲस्पिरिनही आपल्या मनाने देऊ नये. बैलांच्या गोचिडांवरचे औषध मांजराच्या अंगाला लावू नका, त्याने झटके येऊन मांजर मरू शकते.

आणखी एक सावधगिरी. मांजर चवताळून चावत असेल, लाळ गाळत असेल किंवा त्याचा जबडा लुळा पडला असेल, तर रेबीजची शंका धरा. त्याला हात लावू नका, डॉक्टरांना कळवा. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या.

घरातली साथ कशी तोडावी?

लाळ्या-खुरकुतीत आपण जनावर वेगळे बांधतो. २०२२ साली लम्पी आला तेव्हाही तेच केले. येथेही तेच करावे. आजारी मांजर वेगळ्या खोलीत, त्याचे भांडे वेगळे आणि शुश्रूषा करणारे माणूस एकच. हात साबणाने धुवावेत. हा विषाणू कपड्यांवरून, पायताणांवरून दुसऱ्या घरी जातो आणि घरात वर्षभरही जिवंत राहू शकतो. बरे झालेले मांजरही काही आठवडे विषाणू बाहेर टाकत असते.

फिनेलच्या नादी लागू नका. या विषाणूवर त्याचा भरवसा नाही आणि मांजराला ते अपायकारक आहे. फरशी व भांडी आधी घासून स्वच्छ करा. मग एक लिटर पाण्यात सुमारे १० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर मिसळून वरचे निवळ पाणी फरशीवर व भांड्यांवर दहा मिनिटे राहू द्या आणि साध्या पाण्याने धुऊन वाळवा. सारवलेल्या मातीच्या जमिनीवर याचा पुरेसा उपयोग होत नाही. अशा घरात लस न टोचलेले नवे पिल्लू वर्षभर आणू नये. अंथरूण जाळावे. मेलेले पिल्लू उकिरड्यावर किंवा ओढ्यात न टाकता खोल खड्ड्यात पुरावे.

लस हाच खरा उपाय

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की तिहेरी लस टोचावी. पुढे सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा टोचावी आणि वर्षाने एक डोस द्यावा. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर वेगळी टोचावी. तालुक्याला लस मिळत नसेल तर डॉक्टरांना सांगून जिल्ह्याहून मागवावी. वस्तीवरच्या चार घरांनी मिळून मागवली तर खेप एकच पडते. धान्याची राखण करणाऱ्या जनावरावर एवढा खर्च जड नाही.

त्या वस्तीवर आम्ही निघणार, तोच डॉक्टरांनी विचारले, "शेजारी मांजरं आहेत का?" कोणी बोलेना. शेवटी सूनबाईच म्हणाल्या, "होती." आम्ही बांध ओलांडून गेलो. त्या घरचे पिल्लू आठवडाभर आधीच मेले होते आणि ते या घरानेच विष घालून मारले, असे तेही धरून बसले होते!

डॉक्टरांनी दोन्ही घरच्या कर्त्यांना एका ओट्यावर बसवून सगळे समजावले. तिसरे पिल्लू सहाव्या दिवशी आपणहून पाणी प्यायले आणि जगले. बांधाचा तंटा काही मिटला नाही, तो मोजणीनेच मिटायचा. पण विषाची गोष्ट तेथेच संपली. पुढच्या वेताची पिल्ले दोन्ही घरांनी एकाच टेम्पोतून लस टोचायला आणली.