निजामाचा रुपया, टाकसाळीचा संच आणि लाखांच्या वावड्या

पैनगंगेकाठच्या बेला, जैनदपासून उटनूरपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातल्या जुन्या घरांतून निजामी नाणी अजून निघतात. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, आज महाराष्ट्रात असलेले किनवट आणि राजुरा तालुकेही १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते; त्यामुळे नाणी निघण्यात नवल नाही. नवल वाटतं ते त्यांच्याभोवती साचलेल्या समजुतींचं. साधा रुपया लाखाचा समजून कुलपात राहतो आणि त्याच डब्यातलं खरोखर वेगळं नाणं मोडीच्या भावात जातं. यातली दुसरी गोष्ट मला फार लागते.

सर्वांत पक्का गैरसमज सालाचा. नाण्यावर उर्दू अंकांत १३६२ असं वाचून घेतलं की घरातले म्हणतात, रुपया साडेसहाशे वर्षांचा आहे. ते साल हिजरी आहे. चांद्रवर्ष लहान असल्यामुळे सरळ वजाबाकी चालत नाही. हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास बरोबर येतं. म्हणजे १३६२ चा रुपया १९४३ चा. घोळ वाढतो तो जमिनीच्या जुन्या कागदांमुळे. त्यांवरचं साल फसली असतं, त्यात ५९० मिळवायचे. कागदाचा हिशेब नाण्याला लावला की सगळंच चुकतं. नाण्यावर ‘९२’ दिसतं तेही साल नव्हे. अरबी अक्षरांना अंकमूल्य असतं आणि ‘मुहम्मद’ या नावातल्या अक्षरांची बेरीज ९२ होते, म्हणून आसफजाही नाण्यांवर तो आकडा येतो.

आता चारमिनारचा रुपया भिंगाखाली धरा. कमानीच्या दारात एक अक्षर आहे. ते ‘मीम’ असेल तर नाणं सहावे निजाम महबूब अली खान यांचं, ‘ऐन’ असेल तर १९११ मध्ये गादीवर आलेल्या उस्मान अली खान यांचं. इथवर बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण उस्मान अलींच्या अगदी सुरुवातीच्या नाण्यांवर हा ऐन अपुरा आहे, नुसता वरचा बाक, खाली शेपूट नाही. पुढे ठसा बदलला आणि दारात पुरा, शेपटीसकट ऐन आला. नाणेसंग्राहक ज्याला वेगळा प्रकार म्हणतात तो हा. राजा तोच, वजन तेच, चारमिनार तोच, आणि दारातलं अक्षर तेवढं निराळं. सोनार तराजूवर टाकतो तेव्हा दोघांचा भाव एकच निघतो. म्हणून विकण्याआधी दारात डोकावून बघा, एवढंच माझं आग्रहाचं सांगणं आहे.

‘निजामाची चांदी शंभर नंबरी’ हेही ऐकू येतं. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हाली आणि कलदार यांतला फरक चांगला माहीत होता. निजामाचा हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी सुमारे ८२ टक्के. इंग्रजांचा कलदार ११.६६ ग्रॅमचा, १९४० मध्ये त्यातली चांदी निम्म्यावर येण्याआधी सुमारे ९१.७ टक्क्यांचा. गणित मांडून पाहा: सात हालींतली चांदी सहा कलदारांएवढी भरते, आणि बाजारातला दरही सात हालीला सहा कलदार असाच होता. १९५० नंतर भारतीय रुपया हैदराबादेत रुळला आणि १९५९ मध्ये हालीचं चलन कायमचं संपलं. शेवटच्या वर्षांतल्या निजामी अधेल्या-पावल्या तर निकेलच्या आहेत, इंग्रजांच्या १९४७ च्या वाघाच्या रुपयासारख्या. शुद्ध निकेल लोहचुंबकाला चिकटतं, चांदी चिकटत नाही. परीक्षा घरच्या घरी होते. भोकाचा पैसाही चुकून छापलेला नव्हे. महायुद्धात धातूची टंचाई होती, म्हणून १९४३ पासून इंग्रज सरकारने मुद्दामच मधे भोक पाडलेले पैसे काढले, आणि त्याच सुमारास निजामानेही.

गोंड आणि बंजारा स्त्रियांच्या गळ्यातल्या माळांत असे रुपये कडी डाग देऊन ओवलेले असतात. दागिना म्हणून त्यांचं मोल मोठं आहे आणि ते तसंच राहावं. संग्राहक मात्र डाग दिलेल्या नाण्याला कमी किंमत देतो. चिंच-राखेने घासलेल्या नाण्याचं तर त्याहून वाईट: चकाकी येते, पण टाकसाळीतून निघताना पृष्ठभागावर असलेली मूळ झळाळी कायमची जाते. काळवंडलेलं नाणं काळवंडलेलंच ठेवावं.

आता टाकसाळीच्या संचांकडे वळू. मुंबईची सरकारी टाकसाळ १९५० पासून प्रूफ संच, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या नाण्यांचे संच, काढत आली आहे, आणि चेरलापल्लीत हललेली हैदराबादची टाकसाळही संच विकते. त्यांच्याबद्दल समज असा की सीलबंद डबीत सगळं तपासून भरलेलं असतं, तिथे वेगळं काही मिळणार नाही. अमेरिकेत नेमकं उलट घडलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९७५ च्या प्रूफ संचांत ‘एस’ ही टाकसाळीची खूण राहून गेलेला डाइम (दहा सेंटचं नाणं) निघाला, आणि आजवर असे दोनच ज्ञात आहेत. ही बातमी इकडे पोचली आणि तिचा भलताच अर्थ लावला गेला: ज्या नाण्यावर खूण नाही ते मोलाचं. आपल्याकडे सालाखाली काहीच नसलं तर नाणं सहसा कोलकात्याचं असतं. मुंबईचा चौकट हिरा, हैदराबादची पाच टोकांची चांदणी, नोएडाचा गोल ठिपका आणि कोलकात्याची कोरी जागा. कोट्यवधी नाणी अशी कोरी आहेत.

तसंच सालाखाली ‘एम’ किंवा ‘बी’ दिसलं की छपाईची चूक सापडली म्हणून लोक हरखतात. ती मुंबईच्या प्रूफ नाण्यांची खूण आहे: १९६९ पासून ‘बी’, १९९६ पासून ‘एम’. १९८५ च्या नाण्यांवरचं ‘एच’ बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीचं, ‘सी’ कॅनडातल्या ओटावाचं. त्या वर्षी परदेशातून नाणी पाडून आणली होती. संच चाळायचाच तर डबी न फोडता दोन्ही बाजू बघाव्यात. आपल्या नाण्यांचे दोन्ही छाप एकाच दिशेने उभे असतात. पुस्तकाचं पान उलटावं तसं नाणं फिरवलं आणि मागचा छाप तिरका किंवा उलटा दिसला, तर ठसा फिरलेला आहे. मग एकाच किमतीची, एकाच सालाची दोन नाणी शेजारी ठेवून आकड्यांची जाडी, खुणेची जागा, अक्षरांमधलं अंतर ताडून पाहावं. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात मात्र काही ठेवू नये. आदिलाबादच्या उन्हाळ्यात त्यातून चिकट हिरवट थर नाण्यावर उतरतो.

१९६८ ते १९७१ च्या पिवळ्या वीस पैशांत सोनं नाही. तो तांबं, ॲल्युमिनियम आणि निकेलचा मिश्रधातू आहे. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणंही लाखांचं नाही. फोनवर तसा भाव सांगणारे आधी ‘नोंदणी’चे किंवा ‘करा’चे पैसे मागतात, पुष्कळदा रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह लावून. अशा व्यवहारात आपण नाही आणि कुणालाही तसा अधिकार दिलेला नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. पैसे मागणारा फोन आला की बोलणं तिथेच थांबवावं.

आणि नांगराखाली हंडा लागला तर ‘माझं शेत, माझं धन’ हेही खरं नाही. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या किमतीचं पुरलेलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर शिक्षा आहे. कळवलं तर शोधणाऱ्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे, आणि हंड्यातली नाणी वितळण्याआधी कुणीतरी जाणकार ती वाचतो.